ब्लॉकचेन खोटं पुसू देत नाही, पण खोटं लिहू देते

"डॉक्टर, पुढची साथ येईल तेव्हा सगळं ब्लॉकचेनवर असायला हवं. मग कोणी फसवूच शकणार नाही." गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे. सांगणारे बहुतेक आयटीतले, शिकलेले, चांगल्या हेतूचे लोक असतात. तरीही मला हे म्हणणं पटत नाही. का पटत नाही, ते आज सविस्तर लिहितो.

आधी ब्लॉकचेन म्हणजे काय ते सोप्या भाषेत समजून घेऊ. आपल्याकडे बायकांची भिशी चालते. समजा दहाजणींची भिशी आहे आणि हिशेबाची वही एकीकडेच न ठेवता दहाही जणींकडे तिची प्रत आहे. प्रत्येक पानावर आधीच्या पानाची एक खूण आहे. मधल्याच एका पानावर कोणी खाडाखोड केली की पुढच्या सगळ्या खुणा चुकतात आणि बाकीच्या नऊ वह्यांशी मेळ बसत नाही. चोरी लगेच पकडली जाते. ब्लॉकचेन म्हणजे अशी वही, फक्त कॉम्प्युटरवरची. एकदा लिहिलेलं नंतर गुपचूप बदलता येत नाही, हा तिचा गुण. गुण खराच आहे.

पण एखादीने पैसे न भरताच "भरले" असं लिहून घेतलं तर? दहाही वह्यांत तेच खोटं, अगदी सुवाच्य अक्षरात, कायमचं.

आता भाईंदरपासून चार स्टेशनांवरच्या कांदिवलीला चला. ३० मे २०२१ रोजी तिथल्या एका मोठ्या सोसायटीत लसीकरण शिबिर झालं. सुमारे ३९० रहिवाशांनी माणशी १,२६० रुपये भरून लस घेतली. कोणालाही ताप नाही, अंगदुखी नाही. फोटो काढायला मनाई. नंतर प्रमाणपत्रं आली ती भलत्याच हॉस्पिटलांच्या आणि केंद्रांच्या नावाने. लोकांना शंका आली, पोलिसांत तक्रार झाली आणि मग मुंबईभरातली अशी शिबिरं एकामागून एक उघडकीला आली. २,०५३ लोक फसल्याचं राज्य सरकारने जून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सांगितलं.

इथे ब्लॉकचेनने काय केलं असतं? प्रमाणपत्र छापखान्यात बनवलेलं बनावट असतं तर ते पकडायला मदत झाली असती. पण कोविनची प्रमाणपत्रं त्यासाठी आधीच तयार होती. त्यांच्यावरच्या क्यूआर कोडमध्ये डिजिटल सही होती. तहसीलदाराच्या शिक्क्यासारखी, फक्त या शिक्क्याची नक्कल करता येत नाही. कोविनच्या साइटवर कोड स्कॅन केला की खरं-खोटं कळायचं. त्यासाठी दहा वह्यांची गरज नव्हती. फसवणूक झाली ती त्याआधी, सुई टोचताना आणि नोंद करताना. सिरिंजमध्ये काय आहे हे कोणत्याही वहीला दिसत नाही.

आणि त्या रहिवाशांचं पुढे काय व्हायला हवं होतं? त्यांना खरी लस मिळायला हवी होती. पण कोविनच्या लेखी त्यांचा डोस झालेला होता! म्हणजे आधीची नोंद रद्द होणं हीच त्यांची पहिली गरज होती. "बदलता न येणारी नोंद" हे ज्याचं मोठेपण सांगितलं जातं, तीच इथे रुग्णाच्या जिवावर उठते. जाणकार म्हणतील, ब्लॉकचेनवर दुरुस्तीची नवी नोंद खाली जोडता येते. येते ना. पण ती जोडायचा अधिकार कोणाला? महापालिकेला किंवा आरोग्य खात्याला. म्हणजे शेवटी विश्वास त्याच कार्यालयावर ठेवायचा, ज्याच्यावर विश्वास ठेवावा लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप मांडला होता.

कोविनने उपाय योग्य जागी शोधला होता. लस न घेताच "तुमचं लसीकरण झालं" असा मेसेज काही लोकांना येऊ लागला, तेव्हा ८ मे २०२१ पासून चार आकडी सिक्युरिटी कोड सुरू झाला. तुम्ही केंद्रावर कोड सांगायचा, मगच नोंद पूर्ण. साधी गोष्ट, पण नेमकी सुईच्या क्षणी बसवलेली. अडचण एवढीच की हा कोड ऑनलाइन स्लॉट घेणाऱ्यांपुरता होता. माझं म्हणणं आहे, पुढच्या वेळी तो सोसायटीतल्या शिबिरांसकट सगळ्यांना सक्तीचा करा. याला कोट्यवधींचं टेंडर लागत नाही.

औषधांचंही तेच. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, बारामतीत पोलिसांनी एक टोळी पकडली. ती रेमडेसिविरच्या वापरून झालेल्या रिकाम्या कुप्यांमध्ये पॅरासिटामॉलचं द्रावण भरून विकत होती. लक्षात घ्या, कुपी खरी, लेबल खरं, बॅच नंबर खरा. कारखान्यापासून दुकानापर्यंतचा प्रत्येक टप्पा ब्लॉकचेनवर असता तरी त्या कुपीने "मी अस्सल आहे" असंच उत्तर दिलं असतं आणि घाबरलेल्या नातेवाइकाने आणखी निश्चिंत मनाने पैसे मोजले असते. यावर उपाय अगदी गावठी आहे: वापरलेली कुपी वॉर्डातच निकामी करा आणि तिची मोजदाद ठेवा. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. तो जरूर स्कॅन करा, पण सीलही तपासा.

"पण डॉक्टर, आकडे लपवले जातात त्याचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने कोविड मृत्यूंच्या संख्येत आधी न मोजलेल्या १,३२८ मृत्यूंची एकदम भर घातली. त्यातले ८६२ मुंबईचे होते. लोकांनी याला लपवाछपवी म्हटलं. पण अशी तफावत लिहिलेलं कोणी खोडल्यामुळे पडली नव्हती. ती पडली वेळेवर न लिहिल्यामुळे. साथीच्या ऐन भरात हॉस्पिटलात जो माणूस ऑक्सिजनच्या सिलिंडरमागे धावतो, त्यालाच रात्री पोर्टलवर माहितीही भरायची असते. तो नाही भरू शकत. वही कितीही पक्की असो, लिहिणारा हात नसेल तर पान कोरंच राहतं. आणि ते १,३२८ मृत्यू नंतर का होईना मोजले गेले, ते नोंदी पुन्हा तपासून दुरुस्त करता आल्या म्हणून.

भाईंदर पश्चिमेचंच बघा. कोविडमध्ये आपलं टेंभा हॉस्पिटल, म्हणजे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, पूर्ण कोविडसाठी दिलं होतं. तिथे तेव्हा माणसं, खाटा आणि ऑक्सिजन लागत होतं. उत्तन-चौकच्या कोळीवाड्यात घरोघरी जाणाऱ्या आशाताईंना चालू मोबाइल आणि वेळेवर मानधन लागतं. पैसा मर्यादित असतो. एका ठिकाणी टाकला की दुसरीकडून कमी होतो, आणि ब्लॉकचेनची बाजू मांडणाऱ्या सादरीकरणात ही स्लाइड कधीच नसते.

ही गोष्ट सगळीकडेच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. गडचिरोलीत एटापल्लीला २०२२ मध्ये सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रं ब्लॉकचेनवर नेली गेली. बनावट दाखला ही तिथली मूळ अडचण आहे, त्यामुळे उपयोग समजण्यासारखा आहे. (तिथेही साधी डिजिटल सही पुरली असती का, हा प्रश्न मला पडतोच.) इंग्लंडमध्ये दोन हॉस्पिटलांनी लसींच्या फ्रिजच्या तापमानाची नोंद अशा प्रकारे ठेवली. पण लस वाचते ती फ्रिजमधल्या सेन्सरमुळे. २ ते ८ अंशांच्या बाहेर तापमान गेलं की ओरडणारा सेन्सर आणि तो ऐकून धावणारा माणूस हवा. आपल्याकडे इविन ही यंत्रणा २०१५ पासून टप्प्याटप्प्याने हेच काम करत आली आहे, ब्लॉकचेनशिवाय.

न्यूयॉर्कने मार्च २०२१ मध्ये ब्लॉकचेनवर आधारलेला पास काढला. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून डिजिटल सहीवर आधारलेलं प्रमाणपत्र आणलं आणि ते डझनावारी देशांच्या सीमांवर चाललं. एकमेकांवर फारसा विश्वास नसलेल्या देशांचंही काम सहीवर भागलं, तर ठाणे जिल्ह्यातल्या महापालिकांचं का भागू नये?

शेवटचा मुद्दा गोपनीयतेचा. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटमधून लस घेतलेल्यांची खासगी माहिती मिळत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा लोकांनी पुन्हा "ब्लॉकचेन हवी होती" म्हटलं. आरोग्याची माहिती थेट ब्लॉकचेनवर टाकली तर ती कधीच काढता येणार नाही. टीबी, एचआयव्ही, मानसिक आजार, सगळं कायमचं. आणि माहिती बाहेर ठेवून फक्त तिचा ठसा ब्लॉकचेनवर टाकला, तर मूळ माहिती त्याच सर्व्हरवर राहते जिथून ती चोरीला जाते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच लोकलमध्ये प्रवेश मिळू लागला. त्या दिवसांत भाईंदरकरांसाठी प्रमाणपत्र म्हणजे नोकरी होती. पुन्हा तशी वेळ आली आणि तुमच्या सोसायटीत शिबिर ठरलं, तर सेक्रेटरींनी आधी महापालिकेच्या आरोग्य विभागाला फोन करून शिबिराला परवानगी आहे का ते विचारावं. लस कोणत्या हॉस्पिटलच्या साठ्यातून येते ते लेखी घ्यावं. कुपी तुमच्यासमोर उघडू द्या, बॅच नंबर आणि मुदत वाचा, त्याचा फोटो काढा. फोटो काढू देत नसतील तर बाही खाली करा आणि घरी जा. मेसेज त्याच दिवशी आला का आणि त्यात केंद्राचं नाव बरोबर आहे का, ते बघा. नसेल तर दुसऱ्या दिवशीची वाट न बघता तक्रार करा.