शाळांच्या इमारती आणि वीस वर्षांची तजवीज

करवीर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम १९१७ साली निघाला आणि पुढच्याच वर्षी करवीर पेट्यातील चिखली या गावी त्या योजनेतील पहिली शाळा उघडली, तेव्हा इमारत कोठे आहे हा प्रश्न राजर्षी शाहू महाराजांनी आड येऊ दिला नाही. गावची चावडी, देवळाचा मंडप, रिकामी पडलेली धर्मशाळा, जी जागा हाती लागेल तेथे वर्ग भरवावा, मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाकडून महिना एक रुपया दंड घ्यावा आणि इमारतीचे मागाहून पाहावे, अशी ती तातडी होती. आणि त्या काळी तेच शहाणपण होते, कारण भिंती उभ्या राहण्याची वाट पाहिली असती तर एक सबंध पिढी अक्षरशत्रू राहिली असती. खेद इतकाच की, १९४९ साली संस्थान विलीन झाले, १९६२ साली जिल्हा परिषद आली, चावड्यांच्या जागी मंगलोरी कौलांच्या आणि पुढे स्लॅबच्या शाळा झाल्या, तरी ‘इमारतीचे मागाहून पाहू’ हा शिरस्ता आपल्या दप्तरात कायम राहिला, आणि एका राजाने निकडीपोटी पत्करलेली गोष्ट आपण रिवाज म्हणून चालवीत आलो.

आज कोल्हापूर जिल्ह्याच्या बारा तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या दोन हजारांच्या आसपास प्राथमिक शाळा आहेत. त्यांच्या बांधकामासाठी जो पैसा येतो, तो जिल्हा नियोजन समितीचा असो, समग्र शिक्षा अभियानाचा असो की एखाद्या आमदाराच्या निधीतला असो, त्या त्या वर्षापुरता येतो, आणि मार्चअखेरच्या धामधुमीत खर्ची पडतो. शाहूवाडीकडच्या किंवा गगनबावड्याकडच्या एखाद्या जुन्या वर्गखोलीची हकिगत पाहावी. वासा कुजतो, कौले सरकतात, जुलैमध्ये मुले भिंतीपासून हळूहळू खोलीच्या मध्याकडे सरकतात आणि मोकळ्या झालेल्या जागी मध्यान्ह भोजनाची पातेली गळतीखाली मांडली जातात. मुख्याध्यापक केंद्रप्रमुखांना लिहितात, कागद गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून बांधकाम विभागाकडे जातो, उपअभियंता येऊन खोली धोकादायक ठरवितो, निर्लेखनाचा प्रस्ताव निघतो, आणि मंजुरी येईपर्यंत खोलीला कुलूप लागून दोन इयत्ता व्हरांड्यात पाठीला पाठ लावून बसतात. नवी खोली पुढच्या यादीत, ती नाही तर त्याच्या पुढच्या. आणि यादीत नाव आलेच तर असे निघावे की शाळेची जागा कोणा दानशूराने तोंडी दिलेली आहे व सातबारावर अजून त्याच्या आजोबांचे नाव आहे! सादिलच्या, म्हणजे किरकोळ खर्चाच्या, तुटपुंज्या रकमेतून यावर फार तर प्लास्टिकचा कागद पसरता येतो. नगर जिल्ह्यातील निंबोडी येथे २०१७ साली वर्ग भरलेला असताना जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळून मुले दगावली, तेव्हा सर्व जिल्ह्यांतून तपासणीचे आदेश सुटले. अशा तपासणीतून धोकादायक खोल्यांची यादी तयार होते, परंतु कोणती खोली कोणत्या वर्षी पाडावयाची आणि तिच्या जागी काय व कोठे उभारावयाचे, हे तीत नसते.

कायद्याने काही सांगितले नाही असे नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीवर तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा करण्याची जबाबदारी टाकलेली आहे. परंतु पन्नास वर्षे टिकावयाच्या इमारतीचा विचार तीन वर्षांच्या कागदात मावत नाही; त्याला सबंध जिल्ह्याचा निदान वीस वर्षांचा आराखडा हवा. आणि दोन हजार समित्यांनी दोन हजार आराखडे केले, तरी ते एकत्र मांडून जिल्ह्याच्या नकाशावर पाहण्याचे काम कोणाचेच नाही. प्रत्येक शाळा आपापल्या खोल्या मोजते. पण मुले कोठून कोठे चालली आहेत, हे एका शाळेच्या हजेरीपटातून दिसत नाही.

ती कोठे चालली आहेत, हे कोल्हापूरकराला वेगळे सांगावयास नको. १९७२ साली महानगरपालिका झाली. तेव्हापासून शहराची हद्द तसूभर वाढलेली नाही, वस्ती मात्र पाचगाव, कळंबा, उचगाव, मोरेवाडीपर्यंत पसरली. महापालिकेच्या जरगनगर विद्यामंदिरात पहिलीच्या प्रवेशासाठी पालक पाडव्याच्या आदल्या रात्रीपासून रांगेत उभे राहतात, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, आणि ते कौतुक तेथील शिक्षकांना शोभणारेही आहे. परंतु सरकारी शाळेवर इतका विश्वास असणारे पालक ज्या शहरात आहेत, तेथे अशा आणखी शाळा उपनगरांत कोठे काढावयाच्या याचा नकाशा नसावा, हे तितकेच लाजिरवाणे आहे. हद्दवाढीचा वाद पुढाऱ्यांनी खुशाल चालवावा. मुलांसाठी महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी एका मेजावर बसून उपनगरांतील प्रत्येक मंजूर रेखांकनात शाळेची जागा आजच राखून ठेवली नाही, तर पुढे पैसा उपलब्ध होऊनही ती सापडणार नाही.

उलट बाजूस, डोंगरी वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा पट विसाच्या खाली उतरत आहे. २०२३ साली अशा शाळांच्या समूह शाळा करण्याचा विचार शासनाने मांडला आणि गावोगाव खळबळ उडाली. ती अनाठायी नव्हती, कारण पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे नियम सांगतात, आणि पावसाळ्यात ओढा आडवा आला की कागदावरचा तो किलोमीटर कोसाएवढा होतो. माझे मत विचाराल तर सरसकट शाळा बंद करणे हा अपराध आहे. पण कोणती शाळा कायम राहील, कोणती दहा वर्षांनी शेजारच्या शाळेत मिसळेल आणि त्या मुलांच्या वाहनाचा खर्च कोण देईल, हे मोकळेपणी न सांगता एखादी शाळा दुरुस्तीविना आपोआप ओस पडू देणे, हाही त्याच जातीचा अपराध आहे, फक्त त्यावर कोणाची सही नसते.

आणि मग पूर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फुटांना धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली. नद्यांच्या संगमावरची चिखली आणि शेजारची आंबेवाडी दोन्ही वेळा पाण्यात गेली, तिकडे शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठची गावे रिकामी करावी लागली, आणि लोकांना कोठे नेले तर उंचावरच्या शाळांत. म्हणजे जिल्ह्यातील काही शाळा दर महापुरात बुडतात आणि काही निवारा होतात, ही गोष्ट आता अनपेक्षित उरलेली नाही. असे असता पूररेषेच्या आत नवी वर्गखोली मंजूर होऊच नये, आणि उंचावरच्या निवडक शाळा मात्र मुद्दाम दुमजली, मोठ्या स्वयंपाकघराच्या, भरपूर शौचालयांच्या बांधाव्यात, हे ठरविण्यास कोणत्या नव्या समितीची गरज आहे? जपानमध्ये २००२ साली निम्म्याहून अधिक शालेय इमारती भूकंपाला पुरेसे तोंड देऊ शकणाऱ्या नव्हत्या. वर्षागणिक आकडे जाहीर करीत त्यांनी पंधरा वर्षांच्या आत जवळजवळ सर्व इमारती मजबूत केल्या. त्यांच्यापाशी पैसा आपल्याहून अधिक होता, हे खरे. पण क्रम ठरवून तो जाहीर करावयास पैसा लागत नाही.

जुन्या वास्तूंचाही यात विचार व्हावा. भवानी मंडपातील मेन राजाराम हायस्कूल शेजारच्या मंदिर परिसराच्या सोयीसाठी हलविण्याची टूम निघाली, तेव्हा शहराने विरोध केला आणि तो योग्यच होता. तथापि अशा दगडी इमारतीची निगा कोणी व कोणत्या तरतुदीतून राखावयाची, हे त्या गलबल्यात कोणी विचारल्याचे स्मरत नाही.

मार्च २०२२ पासून दीर्घकाळ जिल्हा परिषदेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. सभासद पाच वर्षांसाठी येतो, अधिकारी तीन वर्षांत बदलून जातो, आणि वीस वर्षांच्या आराखड्याला म्हणूनच कोणी वाली नसतो. तेव्हा तो आराखडा सर्वसाधारण सभेच्या ठरावाने मान्य व्हावा, जनगणनेचे व पटाचे आकडे घेऊन दर पाच वर्षांनी तपासला जावा, प्रत्येक गावाच्या वाट्याचे पान ग्रामसभेत वाचले जावे, आणि ज्यांना येत्या पाच वर्षांत काही मिळणार नाही त्यांची नावेही त्यात स्पष्ट असावीत. एखाद्या सभासदाला आपल्या गटातील खोली पुढे ओढावयाची असेल तर त्याने अवश्य ओढावी. मात्र कोणत्या गावची खोली त्यामुळे मागे पडली, हे त्याच ठरावात त्याच्या नावासह नोंदवावे.