शाळा पाड्यावर जाते तेव्हा

मार्गदर्शन करणाऱ्यांचा आपल्याकडे कधीच दुष्काळ नव्हता. हल्ली त्याला 'मेंटॉरिंग' म्हणतात, एवढाच काय तो फरक. शनिवारी सकाळी मुंबईहून निघायचे, डहाणू-तलासरीच्या एखाद्या पाड्यावर वह्या वाटायच्या, 'खूप शिका, मोठे व्हा' असे सांगायचे आणि पिशवीभर चिकू घेऊन संध्याकाळच्या गाडीने परतायचे. हेतू चांगलाच असतो. पण त्या दोन तासांत कोण कोणाचे ऐकतो?

मी बँकेत होतो तेव्हा नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात खेड्यातल्या खातेदाराशी कसे बोलावे यावर तास असत. त्याचे ऐकावे कसे, याचा एकही तास नसे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाकडे मी म्हणूनच ऐकण्याचे काम म्हणून पाहतो.

ताराबाई मुंबईत जन्मल्या, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ साली, वयाच्या ५३व्या वर्षी, डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई तेव्हा पस्तिशीच्या. बालवाडी थाटली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. सरकारी भाषेत याला 'प्रतिसाद नाही' म्हणतात आणि फाइल बंद होते. या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९७५ साली केंद्र सरकारची बालविकास योजना आली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलखात गेले. तिथे अंगणही पुरेना. जरा हातापायाला आलेले पोर सकाळीच गुरे घेऊन रानात जाई, थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी बसे. मग गुरांमागून जाणारी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली, म्हणजे धाकट्याला पाळण्यात ठेवून बहीण वर्गात बसू शके. माँटेसरीबाईंची महागडी साधने बाजूला राहिली. गारगोट्या, शिंपले, बिया, पाने पुढे आली. हे सारे त्या पोरांचा दिवस कसा जातो, ते पाहून सुचले.

दोघींचे आग्रह शहरी मध्यमवर्गाचेच होते: नखे कापलेली, केस विंचरलेले, वेळ पाळलेली. वारली घरातल्या ज्ञानाला त्यांच्या वर्गात किती जागा होती, हे आज विचारायलाच हवे. विचारणाऱ्याने एक हिशेबही ध्यानात ठेवावा. अनुताई १९९२ साली गेल्या, तोवर त्यांना या भागात येऊन ४७ वर्षे झाली होती.

तलासरीकडे, त्याच १९४५च्या मे महिन्यात, झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करायची नाही असे ठरले. तिथे होत्या पुण्याच्या सुशिक्षित घरातल्या गोदावरी परुळेकर. त्यांचा मार्ग ताराबाईंहून अगदी निराळा, लाल झेंड्याचा. पण वारल्यांच्याच झोपड्यांत मुक्काम आणि तिथलेच खाणे. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचे पुस्तक १९७० साली आले; ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर मिळवावे.

पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. शाळा आहेत, आश्रमशाळा आहेत. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, मुलेही जातात. हजेरीपट तेवढा जागेवर राहतो. पहिलीच्या वर्गात पुस्तकी मराठीत प्रश्न आला, की घरी वारली बोलणारे मूल गप्प बसते आणि 'मंद' ठरते. अंगणवाडीची सेविका बहुधा जवळपासचीच, तिला हे सगळे ठाऊक असते. तिला मात्र तालुक्याच्या गावी बोलावून आपण भाषणे ऐकवतो. एखाद्या शनिवारी तिलाच फळ्यापुढे उभे करावे. समोर सतरंजीवर साहेब, गुरुजी आणि वह्या वाटायला आलेले पाहुणे बसवावेत, आणि वारली बोलीतले वीस शब्द पाठ झाल्याशिवाय कोणाला चहा देऊ नये.