झाडू कुणाच्या बुडाखाली, झाडू कुणाच्या कमरेला

जादूचं जग म्हटलं की सगळ्यात आधी अंतर मरतं. डोळा मिटला, उघडला, इथला माणूस तिथं. ना तिकीट, ना रांग, ना टीसी. मग अशा जगात कुणी कुठं जायचं याचा कायदा लागावाच कशाला? पण लागतो. आणि कुणासाठी लागतो ते बघितलं की साला ते जादूचं जग एकदम ओळखीचं वाटायला लागतं.

जे. के. रोलिंगची हॅरी पॉटरची सात पुस्तकं १९९७ ते २००७ या काळात आली. मराठीतही आली. आपल्या वस्तीतली पोरं सिनेमे बघतात, पुस्तकं हातोहात फिरवतात. फिरवू द्या. पण त्यातला प्रवासाचा कायदा कुणी वाचत नाही. दोस्तहो, तो आपण वाचू.

एका जागी गायब होऊन दुसऱ्या जागी हजर व्हायचं, याला तिथं अ‍ॅपरिशन म्हणतात. त्याला लायसन लागतं. वय सतरा पुरं पाहिजे, परीक्षा द्यावी लागते. चुकलास तर अर्धं शरीर मागं राहतं. म्हणजे हा नियम रास्त आहे, आपली त्याला हरकत नाही. चुलीतून प्रवास करायचा तर त्या चुलीचं जाळं सरकारच्या ताब्यात. पोर्टकी नावाची वस्तू धरून उडायचं तर त्याचंही ऑफिस. इथवर आरटीओचाच कारभार समजा.

खरी गंमत पुढं आहे. ब्रिटनमध्ये झाडूवर बसून उडायला परवानगी, गालिच्यावर बसून उडायला बंदी! चौथ्या पुस्तकात अली बशीर नावाचा व्यापारी उडते गालिचे ब्रिटनमध्ये विकायला धडपडतोय. सरकार म्हणतं, गालिचा ही बिनजादूच्या लोकांची, मगलांची वस्तू आहे. तिच्यावर मंतर टाकता येणार नाही. अरे, मग झाडू काय स्वर्गातून पडला? मगलाच्या घरात झाडू नसतो? पण झाडू गोऱ्या साहेबाचा, गालिचा पूर्वेकडचा. वर क्राउच नावाचा बडा अधिकारी तोऱ्यात सांगतो, आमच्या आजोबांकडे बारा माणसं बसतील एवढा गालिचा होता, अर्थात बंदीच्या आधी. म्हणजे आजोबा उडून घेतो, नातू बंदी सांभाळतो. आणि या मगलांच्या वस्तूंचा कायदा लिहिणारा वीस्ली? भला माणूस. पण त्यानं कायद्यात पळवाट ठेवली आणि स्वतःच्या घरी उडती मोटार बाळगली. पकडला गेला तेव्हा दंडावर भागलं. कायदा लिहिणाऱ्याचं नेहमी दंडावरच भागतं.

आता झाडूचंच बघ. त्यांच्या जगात झाडू बुडाखाली घेऊन साहेब आभाळात जातो. आणि पेशव्यांच्या पुण्यात? बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवून ठेवलंय: अस्पृश्याला कमरेला मागं झाडू बांधून चालावं लागे, म्हणजे त्याच्या पावलाची धूळ पुसली जाईल आणि त्या धुळीवरनं जाणारा सवर्ण विटाळणार नाही. हासुद्धा प्रवासाचाच कायदा. वस्तू तीच. एकाला ती आभाळाचा परवाना, दुसऱ्याला स्वतःचा माग पुसायची शिक्षा. सांगा, यात जादू कोणती जास्त भयंकर?

अंगात कुवत नसते म्हणून माणूस अडतो, असं आपल्याला शाळेत शिकवतात. साफ खोटं. त्या पुस्तकातले हाऊस-एल्फ बघ. घरगडी, पिढ्यानपिढ्यांचे. भल्याभल्या जादूगारांना हॉगवर्ट्स शाळेच्या आवारात गायब-हजर होता येत नाही. एल्फला होता येतं, तेही कांडीशिवाय, लायसनशिवाय. पण मालकाच्या हुकमाशिवाय घर सोडायचं नाही. डॉबी नावाचा एल्फ चोरून बाहेर पडतो आणि नंतर स्वतःचेच हात इस्त्रीखाली घालून घेतो. पोलीस ठेवायची गरजच नाही, पोलीस डोक्यातच बसवलाय. कांडी तर माणूस नसलेल्या कुणीच बाळगायची नाही, तसं कलमच आहे. ज्ञानाची काठी आमच्या हातात, तुमच्या हातात फडकं.

१९०१ साली बाबासाहेब लहान होते. भाऊ आणि भाच्यांसोबत साताऱ्याहून कोरेगावला वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. जात कळली आणि एकही गाडीवान तयार होईना. दुप्पट भाडं कबूल केलं, गाडी आम्ही हाकतो म्हणाले, तेव्हा एक जण तयार झाला. तोही खाली पायी चालला. कुवत होती, पैसा होता, रस्ता होता, बैल होते. नव्हता तो परवाना. त्या आठवणींना बाबासाहेबांनी नाव काय दिलं? 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. आपल्याच मुलखात व्हिसाची वाट बघत थांबलेला माणूस! एवढ्या चार शब्दांत सगळं इमिग्रेशनचं शास्त्र आलं.

सातव्या पुस्तकात नवं सरकार येतं आणि मगलांच्या पोटी जन्मलेल्यांची नोंदणी काढतं. घराण्यात निदान एक जादूगार दाखव, नाहीतर तुझी जादू चोरीची. कांडी जप्त. डीन थॉमस नावाचा काळा पोरगा रानोमाळ पळतो, कारण बाप लहानपणीच सोडून गेला आणि तो जादूगार असल्याचा पुरावा पोराकडे नाही. पोरगं जादू करतंय समोर, पण कागद नाही! हाताला विचारत नाहीत, रक्ताला विचारतात.

अमेरिकेतली गोष्ट आणखी बोलकी. रोलिंगच्या गोष्टीत तिथल्या जादूगारांनी १७९० साली कायदा केला: बिनजादूच्या माणसाशी लग्न नाही, मैत्रीसुद्धा नाही. तो उठला १९६५ ला. आता खऱ्या अमेरिकेची सालं बघ. १७९० च्या कायद्यानं नागरिक व्हायचा हक्क फक्त स्वतंत्र गोऱ्या माणसाला दिला. आणि देशवार कोटे ठरवून माणसं अडवणारी पद्धत मोडली १९६५ च्या कायद्यानं. ही सालं लेखिकेनं जुळवली की जुळून आली, तो प्रश्न गौण. जुळतात, एवढं पुरे.

मधल्या काळात, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात उभा राहिला. मी उच्च जातीचा, शुद्ध रक्ताचा आर्य, म्हणून मला गोरा धरा, असं त्याच्या बाजूनं मांडलं गेलं. कोर्टानं हाकलून लावलं. गोऱ्याच्या दारात जातीचं सर्टिफिकेट चाललं नाही. वर्णद्वेषाविरुद्ध लढायचं सोडून वर्णद्वेषात खुर्ची मागायला गेलं की असंच होतं.

१९२६ च्या न्यूयॉर्कवर काढलेल्या त्यांच्या सिनेमात न्यूट स्कॅमँडर बोटीनं उतरतो. परदेशी माणसाला तिथं कांडीचं परमिट लागतं. कस्टमवाला त्याची पेटी उघडतो. आत साधे कपडे. खरं तर आत अख्खं जनावरांचं रान आहे, पण कळ फिरवली की दिसत नाही. आपल्याकडून विमानानं जाणाऱ्या कित्येक पेट्यांत अशीच जात जाते. कस्टमला दिसत नाही, तिथल्या ऑफिसात आणि भाड्याच्या खोलीत बाहेर येते. म्हणून तर २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहराला जातिभेदबंदीचा कायदा करावा लागला. कॅलिफोर्नियातलं तसंच बिल त्याच वर्षी ऑक्टोबरात गव्हर्नरनं अडवलं.

कुणी म्हणेल, पोरांच्या पुस्तकात एवढं काय शोधता? शोधणारच. आणि लेखिकेला फुकट सोडणारही नाही. एल्फांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या हर्मायनीची तिनं चेष्टा केली. बहुतेक एल्फांना गुलामी गोडच लागते, असं दाखवलं. सातव्या पुस्तकाच्या शेवटी लढाई जिंकलेला हॅरी मनात काय आणतो? क्रीचर हा एल्फ आपल्याला सँडविच आणून देईल का! राज्य बदललं, घरगडी तोच. असलं स्वातंत्र्य आपण १९४७ पासून ओळखतो.

आणि जादू नसलेल्या या देशात? परदेशी कामाला जाण्यासाठी १९८३ चा कायदा आहे. त्याखाली दहावी न झालेल्या मजुराच्या पासपोर्टावर ईसीआर पडतं. आखाताला निघाला की वेगळी मंजुरी. एजंट लुटतात, म्हणून हे संरक्षण, असं सांगतात. एजंट लुटतात हे खरंच आहे. मग एजंटावर शिक्का मारा! २०१८ च्या जानेवारीत सरकारनं जाहीर केलं की या लोकांचा पासपोर्ट नारिंगी रंगाचा करू. म्हणजे विमानतळावर लांबूनच कळावं, कोण आलाय ते. ओरड झाली, त्याच महिन्यात बेत मागं घ्यावा लागला. दहावीच्या आत शाळा कुणाची सुटते, हे त्या टेबलावर बसलेल्याला माहीत नसतं काय? पुस्तक त्यानं सोडायला लावलं, आणि पुस्तक नाही म्हणून रंगही त्यानंच फासायचा.

ओरड झाली म्हणून नारिंगी रंग गेला. कुणा जादूगारानं कांडी फिरवली म्हणून नव्हे. तेव्हा प्रवासाचा कुठलाही कायदा पुढं आला, जादूच्या पुस्तकात असो की सरकारी गॅझेटात, त्याला एकच विचार: बाबा, तू मला कुठं जातोस विचारतोयस, की कुणाचा आहेस विचारतोयस? पहिलं विचारत असेल तर रांगेत उभा राहा, नियम पाळ. दुसरं विचारत असेल तर रांग मोड.