विश्लेषण : अनोळखी लोकांच्या कोडवर दिवे चालवणे कितपत सुरक्षित?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील एका छोट्या संगणकावर ६४ एलईडींचा चौकोन आहे. युरोपातील शाळकरी मुलांनी लिहिलेले पायथॉन प्रोग्राम त्यावर चालतात आणि प्रत्येकाचे चित्र ३० सेकंदांपर्यंत झळकते. युरोपीय अंतराळ संस्था आणि रास्पबेरी पाय फाउंडेशन यांच्या ‘अ‍ॅस्ट्रो पाय’ उपक्रमाचा हा भाग. रास्पबेरी पाय आणि एलईडीची पट्टी बाजारात सहज मिळत असल्याने कॉलेजच्या टेक-फेस्टमध्ये किंवा गणेशोत्सवाच्या रोषणाईतही असा प्रयोग शक्य आहे. मात्र, त्यातील धोके आधी समजून घ्यायला हवेत.

चित्र घेणे आणि कोड घेणे यांत फरक काय?

बर्लिनमध्ये २००१ साली केऑस कॉम्प्युटर क्लबने एका इमारतीच्या १४४ खिडक्यांमागे दिवे लावून मोठा पडदा तयार केला होता. लोकांनी पाठवलेली अ‍ॅनिमेशन त्यावर दिसत. अशा फाइलमध्ये कोणता दिवा कधी लावायचा, एवढीच माहिती असते. कोडचे तसे नाही. तो सर्व्हरवरील फाइल वाचू शकतो, पासवर्ड बाहेर पाठवू शकतो किंवा त्याच नेटवर्कवरील इतर उपकरणांपर्यंत पोहोचू शकतो. हेतू वाईट नसला तरी न संपणारे एक लूप सर्व्हर अडकवून ठेवते.

उपाय काय?

कोडमधील काही शब्दांवर बंदी घालणे पुरेसे नाही. पायथॉनमध्ये त्यातून पळवाटा निघतात. प्रत्येक कोड स्वतंत्र, बंदिस्त वातावरणात चालवावा. त्याला इंटरनेट देऊ नये, वेळ आणि मेमरीची मर्यादा घालावी आणि काम संपताच ते वातावरण पुसून टाकावे. कोडने केवळ रंगांचे आकडे परत द्यावेत. प्रत्यक्ष दिवे चालवणारा प्रोग्राम वेगळा असावा आणि त्याने ते आकडे तपासूनच स्वीकारावेत.

दिव्यांचाही धोका असतो का?

असतो. ५ व्होल्टवर चालणारा सामान्य रंगीत एलईडी पूर्ण पांढऱ्या प्रकाशात सुमारे ६० मिलिअँपिअर वीज घेतो. असे ५०० एलईडी एकदम पेटले तर मागणी ३० अँपिअरवर जाते. वीजपुरवठा आणि तारा तेवढ्या क्षमतेच्या नसतील तर त्या तापतात. शिवाय वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’च्या एका भागातील लाल-निळ्या झगमगाटानंतर ६००हून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले होते. वेबसाइटसाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणे टाळण्यास सांगतात.

त्यामुळे प्रकाशाची तीव्रता आणि लुकलुकण्याचा वेग यांवरील मर्यादा दिवे चालवणाऱ्या प्रोग्राममध्येच असायला हव्यात. बाहेरून आलेल्या कोडला त्या बदलता येता कामा नयेत.