बालन्यूमोनिया : रक्तचाचणीचा आकडा आणि सीमाभागाची वाट

पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडी सरेपर्यंत रुग्णालयांचे बालविभाग ताप, खोकला आणि धाप लागलेल्या मुलांनी भरू लागतात. कर्नाटकाच्या सीमेवरील बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हेही त्याला अपवाद नाहीत. अशा प्रत्येक मुलाबाबत डॉक्टरांपुढे एक प्रश्न उभा असतो : हा संसर्ग विषाणूचा की जीवाणूचा? विषाणूवर प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात. जीवाणूजन्य न्यूमोनियात मात्र ती वेळेवर न मिळाल्यास जिवावर बेतते. छातीच्या एक्स-रेवरूनही हा भेद खात्रीने करता येत नाही.

बांगलादेशासह सात देशांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पर्च’ अभ्यासात, गंभीर न्यूमोनियाने दाखल झालेल्या एचआयव्हीमुक्त मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांच्या आजाराचे कारण विषाणू, तर २७ टक्के मुलांत जीवाणू असल्याचा निष्कर्ष निघाला. एकट्या आरएसव्ही या विषाणूचा वाटा ३१ टक्के होता. तरीही खात्री नसल्याने प्रतिजैविक बहुतेकांना दिले जाते.

विषाणू थेट ओळखणारी प्रयोगशाळा दूर असेल तर काय होते, हे कलबुर्गीने अनुभवले आहे. देशातील पहिला कोविडबळी तेथील ७६ वर्षांचा रहिवासी होता. १० मार्च २०२० रोजी त्यांचा मृत्यू झाला. निदानावर शिक्कामोर्तब झाले १२ मार्चला. नमुना तपासणीसाठी बेंगळुरूला गेला होता. त्यानंतर कलबुर्गीत तपासणीची सोय झाली. पण तालुक्याच्या रुग्णालयात प्रत्येक मुलाचा विषाणू शोधणे आजही व्यवहार्य नाही.

म्हणूनच रक्तातील खुणांना महत्त्व येते. यकृतात तयार होणारे सीआरपी हे प्रथिन दाह वाढला की वाढते. त्याचे प्रमाण लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास गंभीर जीवाणूसंसर्गाची शक्यता घटते. ८० च्या वर ती वाढते. प्रोकॅल्सिटोनिन त्याहून लवकर, काही तासांतच चढते. याउलट एमएक्सए हे प्रथिन विषाणूशी झुंजताना वाढते. ट्रेल, आयपी-१० आणि सीआरपी यांची एकत्रित चाचणी अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये मान्य केली. सीमाभागातील साध्या प्रयोगशाळेच्या आवाक्यात असलेली चाचणी मात्र मुख्यतः सीआरपीचीच.

हा आकडा एकटा निर्णय देत नाही. सीआरपी चढायला सहा ते बारा तास लागतात आणि शिखर गाठायला दीड-दोन दिवस. त्यामुळे ताप आल्याच्या पहिल्या काही तासांतील कमी आकडा फसवा असू शकतो. अॅडिनोव्हायरससारखे काही विषाणूही तो बराच वाढवतात. तीव्र कुपोषित मुलांत शरीराची प्रतिक्रियाच मंद असते, म्हणून त्यांच्याबाबत कमी आकड्यावर विसंबणे धोक्याचे. दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० च्या वर जाणे, छाती आत ओढली जाणे, दूध न पिणे या लक्षणांपुढे कोणताही कागद दुय्यम आहे.

सीमाभागाची खरी अडचण येथून सुरू होते. भालकी, औरादचे आजारी मूल उदगीर-लातूरला, तर आळंदचे सोलापूरला नेले जाते. राज्य बदलते, आरोग्य योजना बदलते आणि बऱ्याचदा आधीचा कागद मागेच राहतो. रक्त कधी घेतले, ताप त्या वेळी किती तासांचा होता, प्रतिजैविकाचा पहिला डोस आधी दिला की नंतर, हे ठाऊक नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला आकड्याचा अर्थ लावता येत नाही. मग चाचणी पुन्हा होते, खर्च दुप्पट होतो आणि सावधगिरी म्हणून आणखी जड प्रतिजैविक सुरू होते. अशा अनावश्यक वापरातूनच औषधांना न जुमानणारे जीवाणू बळावतात.

यावर महागडे यंत्र हा पहिला उपाय नव्हे. चाचणीची वेळ, तापाचा कालावधी आणि दिलेली औषधे नोंदवणारे एक पान मुलासोबत धाडणे, हे दोन्ही राज्यांना सहज जमण्यासारखे आहे. सिंधुदुर्ग आणि कारवारचे रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉत येताना पाहणाऱ्या गोमंतकीयांना या एका पानाचे मोल वेगळे सांगायला नको.