गंज म्हणजे घाण नव्हे

गेल्या दसऱ्याला भोपाळला मावसबहिणीकडे होतो. तुलसी नगरातले सरकारी क्वार्टर, पुढ्यात जुन्या झाडांची सावली. पाटावर शस्त्रपूजेसाठी कोयता, सुऱ्या, पाने-पकडी मांडलेल्या आणि मधोमध एक जपानी तलवार. भावोजी पॉलिश पेपरने तिचे पाते घासत होते. "दर दसऱ्याला अशी लख्ख करतो," ते अभिमानाने म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला.

तलवार त्यांच्या आजोबांची. मूळ घर चंदगड तालुक्यातले, आजोबा मराठा पलटणीत. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली म्हणजे 'जंगी पलटण'. याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी १९४५ साली इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला आणि हीच पलटण १९४६ साली दोस्तांच्या फौजेबरोबर जपानात गेली. शरण आलेल्यांच्या तलवारी तेव्हा ढिगांनी जमा झाल्या होत्या. कित्येक वितळवल्या, कित्येक समुद्रात बुडवल्या. काही सैनिकांच्या ट्रंकांतून घरोघरी पोचल्या.

अशी तलवार आपल्याकडे निघाली तर आधी मूठ पाहावी. मूठ ओतीव धातूची, वेणीचा नुसता आकार देऊन रंगवलेली, पात्यावर लांब पन्हळ आणि मुठीजवळ ठोकलेला क्रमांक असेल, तर ती १९३५ नंतर कारखान्यात बनलेली, हवालदार दर्जाच्या शिपायाची तलवार. तिला 'नमुना ९५' म्हणतात. जपानी राजशकाचे ते २५९५ वे वर्ष, म्हणून ९५. मुठीला माशाचे खरखरीत कातडे आणि त्यावर खऱ्या दोऱ्याची वीण असेल तर ती बहुधा अधिकाऱ्याची, १९३४ किंवा १९३८ च्या नमुन्याची. तिच्यातले पाते मात्र वेगळे असू शकते. अनेक अधिकारी घराण्यातले जुने पातेच लष्करी मुठीत बसवून युद्धावर जात. बाहेरून विसाव्या शतकातली दिसणारी तलवार आतून तीनशे वर्षांची निघू शकते.

हे कळते ते मुठीच्या आतल्या भागावरून. मुठीला बांबूची एक छोटी खुंटी असते. निमुळत्या बाजूने हलकेच दाबली की ती निघते आणि मूठ सुटते. आतल्या लोखंडावर लोहाराचे नाव, कधी तारीख कोरलेली असते. युद्धकाळातल्या घाऊक पात्यांवर बहुधा बारीक शिक्का असतो. त्या लोखंडावरचा काळपट गंज हीच वयाची मुख्य साक्ष. तो घासला की जाणकारालाही काही सांगता येत नाही आणि तलवारीचे मोलही जाते.

आम्ही खुंटी काढली. काळेकुट्ट लोखंड, त्यावर उभी चिनी-जपानी अक्षरे. भावोजींचा हात सवयीने पॉलिश पेपरकडे गेला. मी तो धरला. पात्याचे मात्र व्हायचे ते होऊन गेले होते. धारेला पाणी दिल्याची जी लाटेसारखी पांढुरकी रेघ असते, ती इतक्या वर्षांच्या घासण्याने पुसट झाली होती.

जपणूक तशी सोपी. पात्याला बोट लावू नये. घामाने दोन दिवसांत डाग पडतो. मऊ सुती कापडाने पुसून हलक्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. आपल्या गोव्याच्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा बघावे. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, ग्राइंडर यांतले काहीही लावू नये. तलवार आडवी, धार वर करून ठेवावी. एक कारकुनी सूचनाही करतो. तलवार शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते, तेव्हा आपल्या जिल्ह्यातला नियम विचारून घ्यावा. आणि पाते शंभर वर्षांपलीकडचे असेल तर १९७२ च्या कायद्याने ते खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही.

पण खरी हळहळ पुढेच होती. बहिणीच्या सासूबाई सहज म्हणाल्या, "तिला दोरीने एक लाकडी पट्टी बांधलेली होती हो. काहीतरी लिहिलेले. कधीतरी बंबात गेली." तलवार खाली ठेवणारे कित्येकजण अशा पट्टीवर आपले नाव-गाव लिहून देत, कधीतरी ती परत मिळेल या आशेने. या तलवारीचा माणूस त्या बंबातच जळाला.

१५८८ साली गोव्याहून व्हाइसरॉयने जपानच्या हिदेयोशीला पत्र लिहिले, सोबतच्या भेटींत तलवारीही होत्या. ते पत्र क्योतोत आजही राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेले आहे. आपल्याकडून गेलेले पत्र त्यांनी चारशे वर्षे सांभाळले. त्यांच्याकडून आलेली लाकडी पट्टी आपल्याला साठ-सत्तर वर्षेही टिकवता आली नाही.

आपण शस्त्राला हळदकुंकू वाहतो, घोडेमोडणीत ते मिरवतो, पण त्याच्यावर लिहिलेले वाचत नाही. कचेरीत पहिल्या दिवशी मला शिकवले होते की जुन्या नोंदीवर खाडाखोड करायची नसते. गंजसुद्धा नोंदच आहे. येत्या दसऱ्याला तलवारीला फूल वाहा, तेल लावा. घासू मात्र नका.