कऱ्हेची हद्द कोण राखणार?

पुरंदरच्या पश्चिमेला, गराड्याच्या डोंगरात कऱ्हा उगम पावते. सासवडला संगमेश्वरापाशी चांबळी तिला मिळते. जेजुरीजवळ नाझरे धरणात ती अडते आणि पुढे मोरगाव, बारामती करीत सोनगावला नीरेत जाते. वरच्या डोंगरात पाऊस बरा, खाली मोरगाव-सुप्याकडे सगळा जिराईत पट्टा. त्यामुळे खालच्या गावांत वर्षाचे कित्येक महिने नदीचा नुसता कोरडा ओघळ दिसतो. अत्र्यांनी आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ नाव दिले. उन्हाळ्यात बघायला येणारा म्हणेल, पाणी कुठाय?

घोळ इथेच होतो. पात्र कोरडे दिसले की बांध दोन हात पुढे सरकतो. कुणी कडबा रचतो, कुणी भराव टाकून वाट करतो. ओढ्यांचे तर विचारूच नका. गाव नकाशावर ओढा ठसठशीत दिसतो, जाग्यावर गेलं तर नांगरून रानात घेतलेला! विचारावं तर उत्तर ठरलेलं, “साहेब, इथं पाणी येतंय कधी?”

आलं की. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुरंदरच्या डोंगरात ढग फुटल्यागत पाऊस झाला. नाझऱ्यातून मोठा विसर्ग झाला आणि बारामतीत नदीकाठच्या हजारो लोकांना हलवावे लागले. डोंगर उताराचा, माती पातळ, खाली कातळ. असे पाणी मुरायला थांबत नाही, धावत सुटते. त्याची वाट आपण अडवली असेल तर ते पिकातून जाते आणि जाताना माती घेऊन जाते.

दुसरी गोष्ट वाळूची. पुराचे पाणी वाळूत साठते आणि काठच्या विहिरींना पुढे झिरपत राहते. वाळू उपसली की हिवाळ्यातच विहिरी तळ गाठतात. खोलीकरणाचा आग्रह धरणाऱ्या गावांनीही पात्र कातळापर्यंत खरवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरंदर उपशाचे पाणी रानाला मिळते ते ठीक, पण ते मुळा-मुठेचे. कऱ्हेच्या विहिरी कऱ्हेच्याच पावसावर भरायच्या आहेत.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांनी गाव नकाशा घेऊन एकदा नदी-ओढ्याच्या काठाने चालत जावे. जिथे वाद आहे तिथे मोजणीचा अर्ज उन्हाळ्यातच द्यावा. पेरणी झाल्यावर उभ्या पिकात दगड रोवू द्यायला कुणी तयार होत नाही.